पुठ्ठ्याची तलवार : जोड, तोल आणि शेवटचा हात
(कार्यानुभव, इयत्ता चौथी व पाचवी)



फेब्रुवारी लागला की आपल्या सगळ्या शाळांत एकच धांदल सुरू होते. १९ तारखेची शिवजयंती, पोवाडा, छोटंसं नाटुकलं, आणि सोलापूरची शाळा म्हटल्यावर लेझीम तर आलंच. या सगळ्यासोबत दरवर्षी दुकानातून तलवारी येतात, प्लास्टिकच्या नाहीतर पत्र्याच्या. प्लास्टिकची तालमीच्या दुसऱ्याच दिवशी मोडते. पत्र्याची मोडत नाही, पण तिची कड उघडी असते आणि कुणाचं तरी बोट कापतंच. मग आपण कडेला चिकटपट्टी गुंडाळतो, मुलांवर ओरडतो आणि शेवटी तलवारी कपाटात कुलूपबंद करून फक्त कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर काढतो.

माझं म्हणणं असं, की तलवार विकत आणूच नये, वर्गात करावी. सात-आठ तासिका लागतात. कार्यानुभव तर होतोच, पण चौथीच्या शिवछत्रपतींच्या पाठांना, गणितातल्या मापनाला आणि भाषेलाही हात लागतो. घरी करायची तर आई-बाबा आणि मूल मिळून दोन रविवारांत होते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या नावाखाली आपण जे काही करून घेतो, त्यातलं निम्मं आठवड्यात कचऱ्यात जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. ही तलवार तशी होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोडली कुठं?

पाठाची सुरुवात मोडक्या तलवारींपासून करा. मुलांना सांगा, घरी मोडकी खेळण्यातली तलवार असेल तर घेऊन या. सात-आठ तरी जमतातच. त्या बाकावर ओळीनं मांडा आणि एकच प्रश्न विचारा, "मोडली कुठं?" मुलं क्षणात सांगतात. जवळजवळ प्रत्येक तलवार एकाच जागी मोडलेली असते, मूठ संपते आणि पातं सुरू होतं तिथं.

असं का, हे मुलांकडूनच काढून घ्या. दार ढकलताना बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडेला ढकलून बघा. लांबच्या टोकाला लावलेला थोडा जोरही बिजागरीकडं मोठा होऊन पोचतो. तलवारीचं टोक कुठं आपटलं की सगळा ताण त्या जोडावर येतो. झाडूचंही तेच, छत्रीचंही तेच. गावाकडून येणाऱ्या मुलांना विचारा, खुरप्याची मूठ हलायला लागली की आजोबा काय करतात? कुणी सांगेल पाचर मारतात, कुणी सांगेल पाण्यात भिजत घालतात. म्हणजे हा प्रश्न जुना आहे आणि त्यावरची उत्तरं मुलांच्या घरातच आहेत.

तलवार करायची म्हणजे पातं कापायचं आणि चांदीचा कागद लावायचा, असं मुलांना वाटतं. आपल्यालाही वाटतं. खरं काम जोडाचं आहे. एवढं एक डोक्यात ठेवून पुढची कृती केली तर तलवार टिकते.

पातं एका गावचं, मूठ दुसऱ्या गावची

इथं थोडा इतिहास सांगायलाच हवा. आपली मुलं तुळजापूरला जातात. नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा असते, तिचे फोटो घरोघरी मोबाइलवर येतात. कोजागरीला सोलापुरातून चालत जाणारी घरं तर कितीतरी. त्यामुळं ‘तलवार’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढं एक अखंड, चकाकणारी वस्तू येते. ती जोडलेली असते, तिचे तुकडे असतात, हा विचारच त्यांच्या मनात आलेला नसतो.

मराठ्यांच्या काळात ‘फिरंग’ नावाची तलवार फार नावाजलेली होती. फिरंगी म्हणजे युरोपातले लोक. त्यांच्याकडून समुद्रमार्गे पाती येत. लांब, सरळ आणि चांगल्या पोलादाची. पण मूठ इथलीच बसवली जाई, कारण धरायची सवय आपली आणि लढायची रीतही आपली. परदेशी पातं आणि देशी मूठ, दोन्ही मिळून एक हत्यार. आपल्याकडच्या ‘धोप’ या सरळ तलवारीलाही अशी पाती वापरली गेली.

याचं अगदी ताजं उदाहरण मुलांना देता येतं. नागपूरकर भोसले घराण्याचे पहिले रघूजी भोसले यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनानं ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपात घडलेलं, सरळ, एकधारी. मूठ मराठा पद्धतीची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याची अक्षरं आहेत. त्यात रघूजींचं नाव आहे, ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब आहे आणि ‘फिरंग’ हा शब्दसुद्धा आहे. म्हणजे पातं बाहेरचं आहे, हे कुणी लपवलेलं नाही, उलट सोन्यानं लिहून ठेवलंय. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. वर्गात वाचून दाखवल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, मग ती तलवार कुणाची म्हणायची?" यावर एक अख्खी तासिका चर्चा करता येते, जरूर करा.

मुठीच्या भागांची नावं मुलांना पाठ करायला लावू नका, करता करता येतात. बोटांपुढून जाणारी, बोटं वाचवणारी कमान म्हणजे परज. मुठीच्या मागच्या टोकाला थाळीसारखी चकती असते ती कटोरी. काही तलवारींच्या कटोरीतून मागं एक छोटा दांडा निघतो, जोराचा घाव घालायचा तर दुसऱ्या हातानं तो धरता येतो. मुठीच्या आत, बोटांच्या मागं, कापडाची किंवा मखमलीची छोटी गादी असते, म्हणजे हात लोखंडावर घासत नाही. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत शिरतो, त्याला आमच्या वर्गानं ‘शेपूट’ असं नाव ठेवलंय. मीही आता तेच वापरते.

साहित्य

टीव्ही नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा नाळीदार पुठ्ठा, बांबूच्या सपाट कामट्या (प्रत्येकी एक, साधारण ५५ सेंमी), फेविकॉल, सुताराकडचा लाकडाचा भुसा, वर्तमानपत्र, काचपेपर, काळा रंग, मऊ पेन्सिल, सुतळी आणि कापडाच्या चिंध्या. मुठीसाठी मात्र आपल्याकडं एक खास वस्तू फुकट मिळते, ती म्हणजे यंत्रमागावरचे सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन. पूर्वभागातल्या मुलांच्या घरी नाहीतर शेजारी ते असतातच. घट्ट, अनेक थरांचे, साधारण १७ सेंमी उंच. सोलापूरबाहेरच्या वाचकांनी घरातल्या कागदी नळ्या एकात एक घालून जाड कराव्यात, काम होतं.

फेविकॉल परवडत नसेल तर पाती चिकटवायला खळ वापरा. आपल्याकडच्या मुलांना खळ सांगावी लागत नाही, सुताला खळ देतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवायचा. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद टाकतात. मुलांच्या हातात ते विष नको. ताजी खळ करा आणि दोन दिवसांत संपवा. जोडाला मात्र खळ चालत नाही, तिथं फेविकॉलच हवा.

पातं

मुलाच्या उंचीप्रमाणं पात्याची लांबी ठरवा. चौथीच्या मुलाला ४५ सेंमी पुरे. रुंदी मुठीपाशी ४ सेंमी, टोकाकडं ३. शिवाय मागं १० सेंमी लांब आणि अडीच सेंमी रुंद शेपूट. सरळ धोप करायची तर पट्टी पुरते. वाकडं पातं हवं असेल तर हातानं काढू नका, हमखास विळा होतो. एक कामटी घ्या, दोन्ही टोकांना दोरा बांधून धनुष्यासारखी थोडी वाकवा. मधोमध दोऱ्यापासून कामटी ३-४ सेंमी लांब गेली की बास. ती पुठ्ठ्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा. सुंदर, एकसारखा बाक येतो.

पुठ्ठ्याच्या नळ्या पात्याच्या लांबीच्या दिशेनं आल्या पाहिजेत. आडव्या नळ्यांचं पातं पहिल्याच दिवशी दुमडतं. मुलांना दोन्ही प्रकारच्या पट्ट्या वाकवून बघू द्या, सांगायची गरज राहत नाही. एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, मधे कामटी ठेवा आणि चिकटवा. कामटी टोकाच्या दोन बोटं अलीकडं थांबली पाहिजे, म्हणजे टोक मऊ राहतं. मागं मात्र ती शेपटाच्या अगदी शेवटापर्यंत गेली पाहिजे. हे विसरू नका, सगळी ताकद तिच्यातच आहे. पातं वाकडं हवं असेल तर तीच कामटी भिजवून, वाकवून वाळवलेली घ्या.

चिकटवलेलं पातं उन्हात ठेवू नका. फेब्रुवारीतलं आपलं ऊनही कडक असतं, एक बाजू आधी वाळते आणि पातं पापडासारखं वळतं. सावलीत, दोन वर्तमानपत्रांत, वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रात्रभर राहू द्या.

खऱ्या तलवारीच्या पात्यावर लांब खोबण दिसते. ती कशासाठी, असं विचारलं की मुलं एका सुरात सांगतात, "रक्त वाहून जायला!" हे त्यांनी मोठ्यांकडूनच ऐकलेलं असतं. ते खरं नाही. खोबणीमुळं पात्याचं वजन कमी होतं, पण ताठपणा फारसा कमी होत नाही. पटवायला एक कागद पुरतो. दोन पुस्तकांच्या मधे वहीचा कागद पुलासारखा ठेवा आणि त्यावर डस्टर ठेवा, खाली जाईल. तोच कागद पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा, डस्टर पेलतो. घरावरचे पत्रे पन्हळी का असतात, तेही इथंच कळतं. आपल्या पात्यावर खोबण आणायला सोपी युक्ती आहे. मधून दोन जाड दोरे समांतर चिकटवायचे आणि त्यावर कागदाचा थर बसवायचा. दोऱ्यांच्या मधला भाग आपोआप खोल दिसतो.

मूठ

प्रत्येक मुलाचा तळहात मोजा. अंगठा सोडून चार बोटांची रुंदी. या वयात ती ७ सेंमीच्या आसपास येते. त्यात एक सेंमी मिळवा, तेवढी धरायची जागा. संग्रहालयात जुन्या तलवारींच्या मुठी बघून लोक म्हणतात, "केवढ्याशा मुठी! तेव्हा माणसं लहान होती काय?" तसं नाही. मूठ हाताला घट्ट बसावी, चार बोटं परज आणि कटोरीच्या मधे अडकून राहावीत, अशीच ती केलेली असते. कटोरीमुळं मनगट फार वाकत नाही, घाव खांद्यातून येतो. सैल मुठीची तलवार हातातून फिरते. मुलांना घट्ट झाकणाची बरणी ओल्या हातानं उघडायला लावा, फिरणं म्हणजे काय ते समजतं.

कोनाच्या बारीक टोकाकडून मापाचा तुकडा कापा, ती मूठ. रुंद टोकाकडून २ सेंमी रुंदीचं कडं कापा आणि ते एका जागी छेदून उघडा, ती परज. हे कडं मुळातच गोलाईत वळलेलं असल्यामुळं कमान सुरेख बसते, पुठ्ठा वाकवत बसावं लागत नाही. कोन कापायचं काम शिक्षकांनी नाहीतर पालकांनी हॅक्सॉ ब्लेडनं करावं. तो कात्रीला दाद देत नाही आणि कटर घसरतो. कटोरीसाठी ६ सेंमी व्यासाच्या पुठ्ठ्याच्या तीन चकत्या एकावर एक चिकटवा. चकतीच्या मधे शेपटाच्या मापाची खाच ठेवा.

जोड

आता मुख्य काम. जुन्या भारतीय तलवारीत पातं मुठीत कसं बसवत, हे मुलांना सांगा. बहुतेकांत खिळे नसत. लोखंडी मूठ पोकळ असे. तिच्यात लाख, राळ आणि विटेची बारीक पूड यांचं मिश्रण तापवून भरायचं आणि शेपूट गरम करून त्यात दाबून बसवायचं. थंड झालं की दगड. जोड सैल झाला तर मूठ पुन्हा तापवायची, पातं निघतं, परत बसवता येतं. दुरुस्तीची सोय आधीच करून ठेवलेली. विळी-चाकूच्या मुठी लाखेनं बसवणारी माणसं आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिली आहेत.

विटेची पूड कशाला, हा प्रश्न मुलं विचारतात, विचारला नाही तर आपण विचारावा. नुसती राळ ठिसूळ असते. पूड मिसळली की ती पोकळी नीट भरते आणि भेगाळत नाही. सिमेंटमधे वाळू का घालतात, यासारखंच.

आपण तापवातापवी करायची नाही. आपली ‘लाख’ म्हणजे फेविकॉल आणि आपली ‘विटेची पूड’ म्हणजे भुसा. भाकरीच्या पिठासारखं घट्ट होईल एवढं कालवा. कोनाच्या पोकळीत अर्ध्यापर्यंत भरा, शेपूट घाला, वरून आणखी काडीनं ठासत भरा. शेपूट कटोरीच्या खाचेतून आरपार गेलं पाहिजे. बाहेर आलेला तुकडा वाळल्यावर कापायचा. मग मुठीतून आडवं भोक पाडून कामटीची बारीक खुंटी मारा. घाई नको, हे मिश्रण वाळायला दोन दिवस लागतात.

गट असतील तर एका गटाला मुद्दाम नुसत्या फेविकॉलनं जोड करायला सांगा. फेविकॉलमधलं पाणी उडून गेलं की तो आकसतो आणि आत पोकळी राहते, जोड खडखडतो. दोन दिवसांनी दोन्ही तलवारींच्या मुठी बाकावर दाबून धरा, पातं बाहेर ठेवा आणि पात्यावर मुठीपासून एक पट्टी अंतरावर रिकामी पाण्याची बाटली टांगा. एकेक पेला पाणी ओतत जा. कोणता जोड किती पेले पेलतो, ते मुलं वहीत लिहितील. माझ्या वर्गात या प्रयोगाला शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहतात.

परज सगळ्यात शेवटी. तिचं एक टोक पात्याकडच्या बाजूला आणि दुसरं कटोरीला सुतळीनं शिवा. चिकटवलेली परज निघते, शिवलेली निघत नाही. आत चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या चिंधीची छोटी गादी लावा.

तोल

तयार तलवार आडवी धरून एका बोटावर तोला. पुठ्ठ्याची तलवार पात्याच्या मध्याकडं तोलते, म्हणजे टोक जड लागतं आणि मुलाचा हात लवकर दुखतो. खऱ्या तलवारीत लोखंडी मुठीचं वजन पात्याच्या उलट बाजूला असतं, त्यामुळं तोल मुठीच्या जवळ येतो. आपण कटोरीच्या चकत्यांत लोखंडी वायसर घालायचे, दोन घालून बघा, चार घालून बघा. प्रत्येक वेळी तोलाचा बिंदू पट्टीनं मोजा. तराजू आणि सी-सॉ यांचा पाठ इथं हातात येतो. वायसर कागदाच्या दोन-तीन थरांखाली पक्के झाकले पाहिजेत, उघडे ठेवू नका.

शेवटचा हात

इथं मुलांचा धीर सुटतो. तलवार ‘झाली’ असं त्यांना वाटतं आणि चांदीचा कागद लावायची घाई होते. थांबवा. पात्याच्या कडेला नळ्यांची भोकं दिसतात ती आधी बंद करायची. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या खळीत बुडवून कडेवरून दोन्ही बाजूंना घ्या. कड जाड आणि गोल झाली पाहिजे. बोट फिरवून बघा, टोचायला नको. मग पूर्ण पात्यावर आडवे-उभे असे तीन थर. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. शेवटी बारीक भुसा-फेविकॉलची पातळ लांबी, जशी रंगारी भिंतीला लावतात तशी, आणि वाळली की काचपेपर. आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. लांबीच्या दिशेनंच घासायचं. धूळ नाकात जाते म्हणून हे व्हरांड्यात करा, तोंडाला रुमाल बांधून.

चांदीच्या कागदाचं पातं लांबून चॉकलेटसारखं दिसतं, मला ते पटत नाही. त्याऐवजी पातं काळं रंगवा. वाळल्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं काचपेपरवर घासून पूड करा आणि कापसानं त्या काळ्यावर चोळा, चोळतच राहा. हळूहळू पोलादासारखी निळसर-करडी झाक येते. एका मुलाचे वडील ते बघून म्हणाले, "बाई, खरीच वाटतीय की!" मुठीवर पिवळा किंवा सोनेरी ठिपका पुरे. जुन्या मुठींवर लोखंडाला बारीक चरे पाडून त्यात सोन्या-चांदीची तार ठोकून नक्षी करत, तिला कोफ्तगिरी म्हणतात. आमची मुलं सोनेरी जरीचा दोरा चिकटवून तसं करतात. छान दिसतं.

मुलींनाही तलवार करायलाच लावा. नाटकात मुलगी म्हणजे जिजाऊ नाहीतर ओवाळणारी, आणि तलवारी सगळ्या मुलांच्या, हे आपणच ठरवून टाकलेलं असतं.

धार

गेल्या वर्षी पाचवीतला एक मुलगा कागदात गुंडाळून दीड फुटाची लोखंडी पट्टी घेऊन आला. गॅरेजमधली, गाडीच्या पाट्याची. म्हणाला, "बाई, पुठ्ठ्याची नको मला. दादा याला धार लावून देतो म्हणालाय." दादाच्या मोबाइलवर तलवारीनं केक कापतानाचे व्हिडिओ होते, हेही त्यानंच सांगितलं.

अशा वेळी पट्टी काढून घेऊन रागावणं सोपं असतं. पण पुठ्ठ्यापेक्षा लोखंड भारी, हे मुलाला कळतं, त्यात चूक काय? मी वडिलांना निरोप पाठवला. ते आले आणि मी त्यांना वर्गासमोर पोलाद समजावून सांगायची विनंती केली. त्यांनी साध्या कार्बन स्टीलच्या हॅक्सॉ ब्लेडचे तीन तुकडे आणले. मैदानात, मुलांना चांगलं दहा पावलं लांब बसवून, डोळ्यांना चष्मा लावून त्यांनी दाखवलं. पहिला तुकडा पकडीत धरून वाकवला, तर टक्कन मोडला. दुसरा लाल तापवून हळूहळू गार होऊ दिला, तो तारेसारखा वाकला, मोडला नाही. तिसरा लाल तापवून पाण्यात बुडवला, तो काचेसारखा तुटला. मग म्हणाले, "ह्याच्या मधलं कुठंतरी पाहिजे असतंय. वाकला तर परत सरळ व्हायला पाहिजे. त्यालाच पाणी देणं म्हणतेत." मुलं गप्प होऊन ऐकत होती. ‘पाणीदार’ हा शब्द कुठून आला, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. त्याच दिवशी तलवार परजणे, म्यान करणे, दुधारी, धारदार असे शब्द फळ्यावर आले आणि भाषेची तासिका भरली.

कायद्याबद्दलही सरळ बोला. शस्त्र अधिनियम १९५९ मधला आहे. घरगुती, शेतीची आणि कारखान्याची अवजारं सोडून ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार त्यात मोडतं, तलवार तर मोडतेच. मिरवणुकीत नाहीतर वाढदिवसाला ती नाचवली म्हणून पोलिसांनी गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्यातली पोरं बहुतेक विशीच्या आतबाहेरची असतात, म्हणजे आपल्या वर्गातून गेलेली. पालकांनी घरात करताना एक नियम पाळावा : लोखंड नको, धार नको, टोक नको. लाकडाची केली तरी टोक गोल.

काही पालक विचारतात, शाळेत हत्यार कशाला शिकवता? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर इतकंच, की तलवार मुलांपर्यंत आपल्या आधीच पोचलेली आहे, मोबाइलवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर. तिथं ती फक्त उगारलेली दिसते. जी मुलं पंधरा दिवस तिची कड गोल करत बसली, त्यांना तिच्याबद्दल आणखी चार गोष्टी माहीत असतात. तो मुलगा सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. पट्टी वडील परत घेऊन गेले आणि तो दोन दिवस रुसला. पण तिसऱ्या दिवशी कोन कापून मागायला आला, आणि त्याला शेपूट आरपार का घालायचं हे इतरांना समजावताना मी ऐकलं.

म्यान आणि ठेवणूक

म्यानाला फार वेळ घालवू नका. खऱ्या म्यानाच्या लाकडाच्या दोन फाका असतात, वर चामडं किंवा मखमल. तोंडाशी धातूची मोहनाळ आणि खालच्या टोकाला तहनाळ. आपल्याला पातं वर्तमानपत्रात सैल गुंडाळून त्यावर कागदाचे चार थर चढवले की साचा मिळतो. वाळल्यावर पातं ओढून काढायचं आणि वर जुनी साडी नाहीतर चादरीचा काठ लावायचा. बाकदार पात्याला म्यान बसत नाही अशी तक्रार येते. अशा वेळी पुठ्ठ्याच्या दोन फाका कापून कडेनं शिवाव्या.

कार्यक्रम झाल्यावर तलवारी कोपऱ्यात टोकावर उभ्या करू नका, आठवड्यात पाती वाकतात. भिंतीवर दोरी बांधून कटोरीत अडकवून टांगा. जूनमधे शाळा उघडली की एकदा सगळ्या खाली काढून बघा. खळीच्या पात्यांना पावसाळ्यात कसर लागते आणि ती आधी कडेच्या कागदी पट्ट्या खाते. तसं दिसलं तर तेवढीच पट्टी काढून फेविकॉलनं नवी लावायची.